स्लो कुकरमध्ये इटालियन ‘शिकारी’ चिकन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मी हा पदार्थ पहिल्यांदा केला तेव्हा आठ तासांनी झाकण उघडल्यावर आत टोमॅटोच्या सारात बुडालेली उकडलेली कोंबडी होती. वास बरा, चव सपक. दोष कुकरचा नव्हता. सगळं कच्चंच चिरून मी भांड्यात लोटलं होतं, सवयीने वर वाटीभर पाणी ओतलं होतं आणि ‘आता आपोआप होईल’ म्हणून ऑफिसला निघून गेले होते. स्लो कुकरमध्ये पदार्थ आपोआप शिजतो हे खरं, पण तो परतला जात नाही, खरपूस होत नाही आणि आटत तर मुळीच नाही. ही तिन्ही कामं आपली, आणि ती झाकण लावायच्या आधीची. म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या पहिल्या पाऊण तासाबद्दल आहे. पुढचे पाच-सहा तास तुम्ही झोपलात तरी चालेल.

पदार्थाचं नाव ‘पोल्लो आल्ला काच्चातोरा’. पोल्लो म्हणजे कोंबडी, काच्चातोरे म्हणजे शिकारी. शिकाऱ्यांच्या पद्धतीची कोंबडी. याच पद्धतीने तिकडे ससाही करतात. मध्य इटलीत, तोस्काना, उंब्रिया, लात्सियो या भागांत, हा घरोघरी होतो आणि प्रत्येक घरात थोडा वेगळा होतो, आपल्याकडे जसं दोन घरांचं कालवण एकसारखं नसतं तसं. काही ठिकाणी टोमॅटो अजिबात नसतो, फक्त लसूण, रोझमेरी, पांढरी वाइन आणि व्हिनेगर. तोस्कानाकडचा बहुधा तांबडा, टोमॅटो आणि लाल वाइनचा. ढोबळी मिरची आणि मश्रूम भरभरून घातलेला प्रकार अमेरिकेतल्या इटालियन कुटुंबांमुळे जास्त पसरला. तोही छान लागतो, पण इथे मी तांबडा, साधा प्रकार सांगते आहे.

पेल्लेग्रीनो आर्तुसी यांचं पाककृतींचं पुस्तक १८९१ साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि इटालियन घरांत ते अजून वापरलं जातं. त्यात ही कृती आहे: मोठा कांदा, टोमॅटोचा रस आणि अर्धा ग्लास सांजोवेझे, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. ‘हा पदार्थ नाजूक पोटाच्यांसाठी नाही’ असंही आर्तुसींनी बजावून ठेवलंय. गंमत म्हणजे ही तोस्कानाची सांजोवेझे द्राक्षं आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही लावली जातात आणि त्यांची वाइन होते. तेव्हा वाइनसाठी फार लांब जायला नको.

आता यंत्राबद्दल थोडं. ज्यांनी चुलीचा वैल पाहिलाय त्यांना स्लो कुकर समजावून सांगावा लागत नाही. चुलीच्या तोंडावर भाकरी चालायची आणि बाजूच्या वैलावर, आडून येणाऱ्या धगीवर, आमटी तासन्‌तास रटरटत राहायची. स्लो कुकर हा विजेवरचा वैलच. चिनीमातीचं जाड भांडं, त्याच्या भोवती तापणारी तार, वर काचेचं झाकण. वीजही फार खात नाही, लहान कुकरला साधारण दोनशे वॅट लागतात. शिकागोच्या इर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातली एक आठवण सांगितली होती: शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी ज्यू घरांतली चोलन्त नावाच्या कालवणाची भांडी गावच्या बेकरीत पोचायची आणि विझत आलेल्या भट्टीत ती रात्रभर शिजायची. पुढे १९७० साली नॅक्सन यांचा धंदा दुसऱ्या कंपनीने घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने तो कुकर बाजारात आणला.

प्रेशर कुकरच्या अगदी उलटं हे काम. तिथे वाफ कोंडून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि तीन शिट्ट्यांत विषय संपतो. इथे तापमान उकळीच्या जरा खालीच राहतं. ‘लो’ आणि ‘हाय’ यांच्यातला फरक बहुतेकांना वाटतो तसा नाही: बऱ्याच कुकरमध्ये दोन्हीकडे शेवटी तापमान जवळपास सारखंच होतं, फक्त हायवर ते लवकर गाठलं जातं. ‘वॉर्म’ हे तिसरं बटण फक्त शिजलेलं गरम ठेवण्यासाठी. त्यावर कच्चं चिकन कधीही ठेवू नका.

विकत घेताना साडेतीन ते साडेचार लिटरचा घ्या, चौघांना पुरतो. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असताना ते नीट चालतं. सहा लिटरच्या भांड्यात दोन माणसांचं केलंत तर कडेने करपतं. परदेशातून कुणी आणणार असेल तर आधीच विचारा, तो किती व्होल्टचा आहे. माझ्या मावसबहिणीने अमेरिकेहून हौसेने बॅगेत घालून आणलेला कुकर १२० व्होल्टचा होता. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो लावला आणि दहा मिनिटांत घरभर जळका वास. त्याचं भांडं मात्र चांगलं आहे, मी त्यात लोणचं ठेवते. नवा कुकर पहिल्या दिवशी थोडा वास सोडतो, ते चालतं. आधी नुसतं पाणी घालून तासभर चालवा.

जुना कुकर कुणाकडून मिळाला असेल तर त्याची परीक्षा घ्या. निम्मं भांडं पाणी, लो, आठ तास. मग झाकण काढल्याबरोबर स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ८५ अंशांच्या वर असेल तर कुकर ठीक. त्याच्या खाली असेल तर त्यात मांस शिजवू नका.

बाजारहाट

चौघांसाठी एवढं लागेल: कोंबडीचे चार अख्खे लेग, सगळे मिळून सव्वा किलोच्या आसपास. दोन मध्यम कांदे, एक गाजर, सेलेरीचे एक-दोन दांडे, लसणीच्या पाच पाकळ्या. सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचा ४०० ग्रॅमचा एक डबा आणि टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा. लाल वाइन १५० मिलीलिटर. ऑलिव्ह तेल तीन मोठे चमचे. रोझमेरीची एक काडी, किंवा वाळवलेली असेल तर एक छोटा चमचा. बे लीफची दोन पानं. मूठभर ऑलिव्ह, एक मोठा चमचा केपर्स (बरणीत मिळणाऱ्या खारवलेल्या कळ्या). मीठ, मिरी, शेवटी थोडी पार्सली.

चिकनवाल्याकडे गेल्यावर ‘करी कट’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका. करी कटचे छोटे तुकडे पाच तासांत विरघळतात आणि हाडांच्या बारीक किरच्या रसात उरतात, त्या दाताखाली आल्या की जेवणाचा मूडच जातो. अख्खा लेग मागा आणि सांध्यावर एकच घाव घालायला सांगा, म्हणजे एक तंगडी आणि एक मांडी. कातडी ठेवायची असेल तर आधी सांगावं लागतं, नाहीतर बोलता बोलता सोलून मोकळे होतात. कातडीसकट लेग परतले तर चव फार वर जाते. नंतर कुकरमध्ये ती लिबलिबीत होते, म्हणून परतून झाल्यावर मी ती ओढून काढते.

छातीचं मांस का नको? ते कोरडं पडतं. पायाच्या मांसात, सांध्यांभोवती, जो चिवट भाग असतो त्यातलं कोलॅजेन ७० अंशांच्या पुढे हळूहळू सुटून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते याच्यामुळे. तोच गुण इथे रसाला अंग देतो. छातीत हे जवळजवळ नसतंच, त्यामुळे तासांमागून तास शिजवून फक्त तिचं पाणी जातं. आणि गावठी कोंबडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. चुलीवरही दीड-दोन तास दाद न देणारी जून कोंबडी स्लो कुकरला फार मानवते. ब्रॉयलरपेक्षा या पदार्थाला तीच शोभते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सेलेरी नाही मिळाली तर ओव्याची पानं घालू नका, कोथिंबिरीचे देठही नकोत. दोन्हींचा वास सगळं ताब्यात घेतो. गाजर थोडं वाढवा आणि पुढे चला. तसंच बे लीफच्या जागी मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र घालण्याचा मोह होईल. ती दोन वेगळ्या झाडांची पानं आहेत. आपलं तमालपत्र लांबट, त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा, वास दालचिनीच्या जवळचा. त्यांच्या पानाला मधोमध एकच शीर, वास कापूर आणि निलगिरीच्या बाजूचा. तमालपत्राने पदार्थ बिघडत नाही, पण बिर्याणीची आठवण यायला लागते. नसेल तर नुसत्या रोझमेरीवर भागवा. आलं-लसूण पेस्टची बरणी, हळद आणि गरम मसाला यांनी आज सुट्टी घ्यायची.

डब्यातला टोमॅटो महाग वाटत असेल तर सहाशे ग्रॅम पिकलेले लालबुंद टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोला. फक्त ते कढईत चांगले आटवावे लागतात. आपले टोमॅटो रसाळ आणि आंबट असतात, तेव्हा चिमूटभर साखरेला लाजू नका.

झाकण लावण्याआधीचा पाऊण तास

चिकन फ्रीझरमधलं असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या खणात ठेवून पूर्ण सुटू द्या. गोठलेलं चिकन स्लो कुकरमध्ये थेट कधीच जात नाही. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जंतूंना वाढायला सोयीचा, आणि गोठलेला तुकडा या मंद धगीवर तो पट्टा ओलांडायला फार वेळ घेतो.

लेग धुतले असतील तर फडक्याने किंवा टिश्यूने अगदी कोरडे टिपून घ्या. ओलं चिकन तव्यावर खरपूस होत नाही, स्वतःच्याच वाफेत उकडतं. दीड छोटा चमचा मीठ आणि भरडलेली मिरी चोळा. जाड बुडाची कढई किंवा बिडाचा तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल घाला आणि चार-चार तुकडे सोडा. सगळे एकदम नको, गर्दी झाली की पाणी सुटतं. आता हात आवरा. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही. तुकडा तळाला चिकटलेला वाटत असेल तर तो अजून झालेला नाही. झाला की आपणहून सुटतो. दोन्ही बाजूंनी गडद बदामी झाले की काढा. आतून ते कच्चेच असतील, तसेच असायला हवेत.

त्याच कढईत उरलेलं तेल. कांदा, गाजर, सेलेरी बारीक चिरून त्यात. या तिघांच्या परतण्याला इटालियन लोक ‘सोफ्रित्तो’ म्हणतात आणि त्यांच्या कितीतरी रश्शांची सुरुवात याच्यातून होते, जशी आपली कांदा-खोबऱ्याच्या वाटणातून. फरक इतकाच की वाटण आपण काळपट होईस्तो भाजतो आणि सोफ्रित्तो मात्र मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, मऊ आणि गोडसर होईपर्यंतच. कांद्याला तपकिरी रंग चढायला लागला तर आच कमी करा. शेवटच्या मिनिटात ठेचलेला लसूण आणि रोझमेरी. मग टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परता.

आता आच मोठी करा आणि वाइन ओता. चर्र आवाज होईल. लाकडी उलथन्याने तळाशी चिकटलेलं सगळं खरवडून घ्या, सगळी चव तिथे आहे. वाइन निम्म्याहून कमी होऊ द्या. ही पायरी बरेचजण गाळतात आणि वाइन थेट कुकरमध्ये ओततात. झाकणाखाली तिला वाट नसते, मग पाच तासांनीही रसाला कच्च्या दारूचा उग्र वास राहतो. आटवली तरी अल्कोहोल शंभर टक्के जात नाही हेही सांगून ठेवते. घरात कुणाला नकोच असेल तर वाइनच्या जागी दोन मोठे चमचे लाल व्हिनेगर पाव वाटी पाण्यात मिसळून तसंच आटवा. टोमॅटो नसलेल्या काच्चातोरात व्हिनेगर असतंच, त्यामुळे ते परकं वाटत नाही.

शेवटी टोमॅटो हाताने कुस्करून घाला आणि सहा-सात मिनिटं उकळू द्या. पळीवर टिकेल इतका दाट झाला पाहिजे, आपण ‘अंगाबरोबर रस’ म्हणतो त्याहूनही जरा जास्तच. आता मन घट्ट करा: पाणी घालायचं नाही. अर्धी वाटीसुद्धा नाही. चिकन स्वतःचं पाणी सोडणार आहे आणि झाकणावर जमलेली वाफ थेंब थेंब परत आतच पडणार आहे. गॅसवर रस्सा करताना आपण आटणाऱ्या पाण्याचा हिशोब धरतो, इथे तो हिशोब चालत नाही.

मश्रूम घालायचे असतील तर दोनशे ग्रॅम वेगळ्या तव्यावर, त्यांचं पाणी पूर्ण उडेपर्यंत परतून मगच. बटाटे घातल्याशिवाय चैन पडत नसेल तर मोठ्या फोडी करून अगदी तळाला. कंदमुळं या भांड्यात मांसापेक्षाही सावकाश शिजतात. आणि कुणी पांढरे घेवडे किंवा राजमा घालायला सांगितलं तर ते रात्रभर भिजवून, गॅसवर आधी पूर्ण शिजवूनच. त्यांच्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य पोट बिघडवतं. ते जायला खळखळती उकळी लागते, आणि स्लो कुकरच्या मंद धगीवर ती मिळत नाही.

झाकणाखाली

टोमॅटोचा निम्मा रस तळाला, त्यावर लेग, वर उरलेला रस आणि बे लीफ. रस गरम असतानाच घाला, म्हणजे भांडं लवकर तापतं. फक्त चिनीमातीचं भांडं फ्रिजमधून काढलेलं नको, तडा जातो.

ब्रॉयलरचे लेग लोवर पाच ते सहा तास, हायवर तीन तासांच्या आसपास. गावठी असेल तर लोवर आठ तास धरा, कधी त्याहून जास्त. बुडातून तापणाऱ्या मल्टिकुकरच्या ‘स्लो कुक’ बटणावर वेळ वेगळा लागतो, तिथे पहिल्यांदा घरी असतानाच करून पाहा. झाकण उघडून बघण्याची हौस सोडा: एकदा उघडलं की वीस-पंचवीस मिनिटं मागे जाता. ढवळण्याची गरज नाही.

वीज गेली तर? घरी असाल तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर मंद आचेवर पाऊण तास शिजवा, जेवण वाचेल. पण तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ नव्हती ते कळायला मार्ग नसेल, तर जिवावर आलं तरी टाकून द्या. ज्यांच्याकडे आठवड्यातून ठरलेल्या वारी वीज जाते त्यांनी वार बघून बेत करावा.

शेवटच्या अर्ध्या तासात ऑलिव्ह आणि धुतलेले केपर्स घाला. आधी घातले तर सगळा रस खारट आणि ऑलिव्ह बेचव. बी असलेले ऑलिव्ह चवीला जास्त चांगले, पण जेवणाऱ्यांना आधी सांगा. मीठ याच्यानंतर चाखून, त्याआधी नाही. हाडापाशी मांस सहज सुटायला लागलं की झालं. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात ७४ अंशांच्या वर हवं. इतक्या वेळाने ते बरंच वर गेलेलं असतं.

इतकं करूनही रस पातळ वाटला तर लेग ताटात काढून ठेवा आणि रस कढईत मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं आटवा. कॉर्नफ्लोअर लावू नका, त्याने रसाला तुकतुकीत चायनीज चकाकी येते. वरून चिरलेली पार्सली, थोडं कच्चं ऑलिव्ह तेल.

इटलीत याच्यासोबत भाजलेला पाव असतो किंवा पोलेंता. पोलेंता म्हणजे मक्याचा रवा पाण्यात घोटून केलेली, आपल्या कण्यांची चुलत बहीण. मक्याचा जाडसर रवा एक वाटी, पाणी चार वाट्या, मीठ, आणि अर्धा-पाऊण तास घोटायची तयारी. स्पॅगेटीवर हे चिकन वाढणं तिकडे रूढ नाही, पास्ता आधी आणि मांस नंतर असा त्यांचा क्रम. ताटात उरलेला रस पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा बूट. ज्वारीच्या भाकरीनेही हे काम फर्मास होतं, आमच्याकडे तर तेच होतं.

उरलं तर भांड्यातच ठेवून झोपू नका. दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये, तिथे तीन दिवस छान राहतं आणि दुसऱ्या दिवशी चव वाढलेली असते. गरम मात्र गॅसवर करायचं, स्लो कुकरमध्ये नाही, त्याला गार अन्न तापवायला फार वेळ लागतो. शेवटी एखादा लेग आणि वाटीभर रस उरलाच, तर मांस हाडावरून सोडवून रसात मोडा आणि पास्त्याला लावा. क्रमाचा नियम तेवढ्यापुरता मोडला तरी चालतो, उरलंसुरलं संपवताना इटालियन घरांतही हेच करतात.